निवायला ठेवलेल्या बाटल्या

दिवसभरात माझ्या तोंडून एकच वाक्य निघायचं. "बेडका पाहिजे, थुंकी नको." खिडकीच्या पलीकडं पेशंट, अलीकडं मी, मधे काच. क्षयाच्या तपासणीची लॅब म्हटलं की रुग्णालयातले आमचेच लोक चार हात लांब राहतात. सुरुवातीला मी रक्त तपासणीच्या मुलींबरोबर डबा खायला जायचे. त्या हसून सरकून जागा द्यायच्या, पण जरा जास्तच द्यायच्या. मग मी माझ्या टेबलाशीच खायला लागले. त्याला आता पंचवीस वर्षं होतील.

घरी तरी काय वेगळं होतं! शुक्रवार पेठेत दोन खोल्या. आई होती तोवर भांडायला माणूस होतं. ती गेली आणि भांडणंही संपली. लग्न राहून गेलं, त्याची काही करुण कहाणी नाही. धाकट्या दोघींची आधी व्हायची होती, ती झाली, आणि मग माझी आठवण कुणालाच राहिली नाही, मला स्वतःलासुद्धा. मी स्वभावानं तिरसट आहे हेही इथंच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाला माझी कीव करायचा मोह व्हायला नको. पण रविवारी संध्याकाळी दिवा लावताना लक्षात यायचं की आज आपण कुणाशी एक शब्दही बोललो नाही, आणि तेव्हा मला फार एकटं वाटायचं.

सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं. त्या दिवशी शेजारीण भिंतीपलीकडून ओरडते, "पाणी आलं हो!" आणि सगळी पेठ पिंपं, बादल्या, कळश्या, हाताला लागेल ते भरायला धावते. शेजारीण आधी पिंप आडवं करून जुनं पाणी ओतून द्यायची, काथ्यानं घासायची, मग नवं भरायची. मला तिचा राग यायचा. पाणी ओतून देणं माझ्या जिवावर यायचं. आईनं वाढवलं तेच तसं. अर्धं पिंप जुनं असेल तर त्यावर नवं भरायचं, झालं. लॅबमधलं निळं पिंपही माझ्याच ताब्यात होतं आणि त्यालाही मी हाच नियम लावला होता. त्या पिंपाचा तळ मी किती वर्षांत बघितला नव्हता, देव जाणे.

ज्या उन्हाळ्याबद्दल लिहायला बसले आहे, त्या उन्हाळ्यात आमच्या खिडकीत एक मावशी आल्या. उजनी धरणाच्या फुगवट्याकाठच्या गावातल्या. साठीच्या, काटक, कपाळावर गोंदण. तीन वर्षांपूर्वी त्यांना क्षय होऊन गेला होता, गोळ्या पुऱ्या करून त्या बऱ्याही झाल्या होत्या. पण एक फुफ्फुस जरा खराब राहिलं होतं आणि खोकला पुन्हा सुरू झाला होता. मी माझं नेहमीचं वाक्य म्हटलं. त्यांनी डबी हातात घेतली, मला वरून खाली न्याहाळलं आणि म्हणाल्या, "जेवलासा का, ताई?"

पंचवीस वर्षांत त्या खिडकीतून मला हे कुणी विचारलं नव्हतं.

त्यांच्या नमुन्यातून जंतू उगवला. आमच्या लॅबमध्ये नमुना नळीत घालून उबेला ठेवतात आणि काही वाढतं का ते बघतात. मावशींच्या नळीत वाढलं ते क्षयाचं नव्हतं. क्षयाच्या जंतूचे बरेच नातेवाईक असतात, मातीत, पाण्यात, नळाच्या पाइपात राहणारे. एरवी ते कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण खराब झालेल्या फुफ्फुसात कधीकधी घर करतात, आणि मग निघता निघत नाहीत. एकदा उगवला म्हणजे आजार आहे असं धरत नाहीत, दुसरा नमुना लागतो. दुसऱ्या नमुन्यातूनही तोच उगवला. मला तेव्हा काय वाटलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मला आनंद झाला. मावशी आता महिन्याच्या महिन्याला येणार होत्या.

"म्हंजी टीबी न्हाय?" त्यांनी विचारलं.

"नाही. त्याच्या भावकीतला आहे."

"भावकीतला म्हंजी वाईटच की," त्या म्हणाल्या, आणि मी त्या लॅबमध्ये कितीतरी दिवसांनी मोठ्यानं हसले.

त्यांना मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. मुलानं त्यांची खाट पाण्याकाठच्या, पंपाच्या मोटारीच्या खोलीत हलवली होती. ताट वेगळं, तांब्या वेगळा. सून भाकरी आणून दगडावर ठेवायची आणि लांब उभी राहायची. सून वाईट नव्हती, घाबरलेली होती. घरात चार वर्षांची पोर होती. मावशींची ती एकुलती नात, तोवर रात्रंदिवस आजीच्या कुशीत झोपणारी. आता तिला बांधाच्या अलीकडं यायला बंदी होती. "तितनं हात करती. मीबी हितनं हात करती," मावशी सांगायच्या. दर महिन्याला त्या एकच प्रश्न विचारायच्या, आणि दुसऱ्या कशाचं त्यांना देणंघेणं नव्हतं. "घरात कवा जाऊ, ताई?"

आमच्या लॅबच्या डॉक्टर मॅडम माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण डोक्यानं फार पुढच्या. त्या म्हणायच्या, हा जंतू सहसा एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही, मावशी घरात राहू शकतील. पण 'सहसा' हा शब्द म्हणताना त्या थबकायच्या. कारण त्याच उन्हाळ्यात आमच्याकडं आणखी चौघांच्या नमुन्यांत तोच जंतू उगवला होता. वर्षाला एखादा सापडायचा तिथं एका मोसमात पाच. हे मॅडमच्या मनाला पटत नव्हतं. एकमेकांकडून तर लागत नाही? आणि तसं असेल तर मावशींना नातीजवळ पाठवायचं कसं?

म्हणून पाचही जंतू पुण्याच्या एका प्रयोगशाळेत पाठवायचे ठरले, जीनोम सिक्वेन्सिंगसाठी. म्हणजे जंतूच्या आत लिहिलेली सगळी अक्षरं एकूण एक वाचायची. अशी पन्नासेक लाख असतात. मावशींना मी ते भांड्यांवरून समजावलं. लग्नातल्या भांड्यांवर नाव घालतात ना, तसं. पाच घरांत वेगवेगळ्या नावांची भांडी सापडली तर ज्यानं त्यानं आपापली आणली. पाचही घरांत एकाच लग्नाचं नाव सापडलं तर ती एकाच मांडवातून गेली. "नाव वाचून घ्या मंग बिगीबिगी," त्या म्हणाल्या.

तोवर उपचार थांबवून चालणार नव्हते. बाकीच्या चौघांचं दुखणं किरकोळ होतं, त्यांना गोळ्यांवर ठेवलं. मावशींचं फुफ्फुस आधीच खराब, म्हणून त्यांना इंजेक्शनंही सुरू झाली, गावाजवळच्या आरोग्य केंद्रात. ते इंजेक्शन कानांना वाईट. मॅडमनी आधीच बजावलं होतं, दर महिन्याला कान तपासून घेत होत्या. पहिले दोन महिने ठीक गेले. नंतर मावशी खिडकीशी "आं?" म्हणून पुढं वाकायला लागल्या. मॅडमनी रोजचं इंजेक्शन आठवड्यातून तीनदा केलं, पण बंद केलं नाही, कारण नमुने कोरे यायला लागले होते, त्यांत काही उगवत नव्हतं. औषध लागू पडतंय, असं आम्ही सगळे म्हणत होतो. मावशी फडक्यात बांधून केळी आणायच्या आणि काचेखालच्या फटीतून एकेक आत सरकवायच्या. काचेमुळं त्यांना माझं बोलणं समजेना, तेव्हा मी दार उघडून बाहेर बाकावर त्यांच्या शेजारी बसायला लागले.

पुण्याचा अहवाल आला तो थंडीत. मॅडमनी मला आत बोलावलं. पाचही जंतू जवळजवळ एकच होते. पन्नास लाख अक्षरांत फरक होता तो बोटांवर मोजण्याइतका. म्हणजे पाचही भांड्यांवर एकच नाव.

"म्हणजे एकमेकांकडून लागलंय," मॅडम म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "मावशींना आता इतक्यात घरी जा म्हणता येणार नाही. सुनेला आणि नातीलाही तपासायला बोलवावं लागेल."

मग त्यांनी एक कागद घेऊन पाच गोल काढले. मोडनिंबचा दुकानदार. आमच्याच शुक्रवार पेठेतले एक म्हातारे विणकर. सांगोल्याकडचा एक मेंढपाळ. कॉलेजातली एक मुलगी. आणि मावशी. हे एकमेकांना भेटले कुठं, ते त्या शोधत होत्या. एसटीत? बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर? एकाचीही तारीख दुसऱ्याशी जुळत नव्हती. मेंढपाळ तर पावसाळ्याआधी एकदाच सोलापुरात आला होता, दोन दिवसांचे दोन नमुने देऊन गेला होता. मी टेबलाच्या कडेला उभी राहून तो कागद बघत होते. त्या पाच माणसांना एकमेकांना भेटायची काही गरजच नव्हती. ती सगळी माझ्या हाताखालून गेली होती.

आणि मला तो टब आठवला.

नमुने धुवायला आम्ही एक द्रावण वापरतो. ते बाटल्यांत भरून, झाकणं ढिली ठेवून वाफेच्या दाबाखाली उकळतात, की आत काही जिवंत राहत नाही. मग बाटल्या आपोआप निवू द्यायच्या आणि झाकणं घट्ट करायची. त्या उन्हाळ्यात पंखासुद्धा गरम वारा फेकत होता, बाटल्या दुपार झाली तरी निवत नव्हत्या, आणि नमुन्यांची रांग संपत नव्हती. तेव्हा मी दर घरची बाई दुधाच्या पातेल्याला करते तेच केलं. निळ्या पिंपातलं पाणी टबात घेतलं आणि बाटल्या त्यात उभ्या केल्या, गळ्यापर्यंत. झाकणं ढिलीच. ऊन उतरलं तसा टब बंद झाला, आणि नमुने कोरे यायला लागले तेही तेव्हापासूनच. गरम बाटली एकदम निवली की आतली हवा आकसते आणि बाहेरचं ओढून घेते. ढिल्या झाकणातून थेंबभर पाणी आत गेलं तरी पुरे. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मीच नव्या मुलींना शिकवायचे. शिवाय दर फेरीला एक कोरी नळी लावायची असते, नुसतं द्रावण घालून, म्हणजे अशी चूक लगेच कळते. नळ्या कमी आल्या होत्या म्हणून ती मी वाचवली होती. मी सगळंच वाचवते.

मी मॅडमना फक्त "चहा आणू का?" विचारलं आणि बाहेर आले.

चार दिवस मी गप्प राहिले. त्या चार दिवसांत मी स्वतःशी जो काही युक्तिवाद केला तो एखाद्या वकिलाला शोभला असता. कशावरून टबच? सिद्ध काय झालंय? निवृत्तीला थोडी वर्षं राहिली आहेत. मॅडम हुशार आहेत, शोधतील. पण मॅडम शोधत होत्या ते चुकीच्या जागी, आणि मावशी मोटारीच्या खोलीत होत्या, आणि त्या चार दिवसांत त्यांना दोन इंजेक्शनं दिली गेली. बाकीच्यांचा हिशेब मी कसाही फिरवला असता, पण ती दोन मी जाणूनबुजून दिली. सुई नर्सच्या हातात होती एवढंच.

पाचव्या दिवशी पाणी आलं. शेजारीण ओरडली. मी रबरी नळी घेऊन घरच्या पिंपाशी गेले आणि भरायच्या आधी, कधी नव्हे ते, हात कोपरापर्यंत आत घातला. तळाला बुळबुळीत थर होता. बोटांना लागलेला तो शेवाळी लगदा मी किती तरी वेळ बघत बसले. पाणी वाहून गेलं, भरायचं राहून गेलं. तशीच साडी बदलून लॅबमध्ये गेले आणि मॅडमना सगळं सांगितलं.

त्या चिडतील असं वाटलं होतं, चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त फोन उचलला आणि आरोग्य केंद्राला सांगितलं, आज इंजेक्शन देऊ नका. मग रिसीव्हर ठेवून म्हणाल्या, "चार दिवसांपूर्वी का नाही बोललात?" लॅबच्या निळ्या पिंपातलं पाणी, त्याच्या तळाचा लगदा, सगळं पुण्याला गेलं. अहवाल यायला काही आठवडे लागले. पिंपातल्या जंतूवरही तेच नाव होतं. पाचही जणांना तो आजार कधी नव्हताच. मावशींचा खोकला त्यांच्या जुन्या खराब फुफ्फुसाचाच होता. बाकीच्या चौघांना बोलावून सांगण्यात आलं, गोळ्या बंद झाल्या. माझ्याकडून लेखी खुलासा मागितला, तो मी दिला, एकही ओळ न गाळता.

मावशींच्या मुलाला मॅडम फोन करणार होत्या. मी म्हटलं, नको, मी जाते. मॅडम म्हणाल्या, "कान आता परत यायचे नाहीत. तेही तुम्हीच सांगाल?" मी हो म्हटलं. एसटीत सबंध रस्ताभर मी वाक्यं जुळवत होते. शेजारी बसायचं, हात हातात घ्यायचा, हळू आवाजात सांगायचं. आमचं बोलणं नेहमी तसंच व्हायचं, बाकावर, दोघींतच.

फाट्यावर मुलगा मोटारसायकल घेऊन आला होता. ऊस, केळीच्या बागा, मग उतार आणि खाली उजनीचं पसरलेलं पाणी. काठानं मोटारी चालू होत्या. मावशी खोलीच्या दाराशी मासे साफ करत बसल्या होत्या. मला बघून त्यांचा चेहरा जो फुलला, तसा माझ्यासाठी कुणाचा फुललेला मला आठवत नाही.

"ताई! तुमी हितं कुटं?" त्या ओरडूनच बोलल्या. स्वतःचा आवाज त्यांना कळत नव्हता.

मी शेजारी बसले. हात हातात घेतला. जुळवलेलं सगळं हळू आवाजात बोलून टाकलं. त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या, हसत होत्या, मान डोलावत होत्या. सून थोड्या अंतरावर उभी होती, ती म्हणाली, "ताई, आत्याबाईंना तसलं ऐकू येत न्हाय आता. लई मोठ्यानं बोलावं लागतंय."

मग मी ओरडले. "मावशी, तुम्हाला आजार नव्हता!"

"आं?"

"आजार नव्हता! जंतू आमच्या लॅबमधला होता! चूक माझी होती!"

पाण्याकाठी धुणं धुणाऱ्या बाया थांबल्या. मोटारीपाशी वाकलेला एक माणूस ताठ उभा राहिला. मावशींनी सुनेकडं बघितलं. सून पहिल्यांदा त्यांच्या अगदी जवळ गेली, कानाला तोंड लावलं आणि ओरडली, "तुमास्नी कायबी झालं नव्हतं! ह्या ताईंची चूक झाली!" दुसऱ्याच्या तोंडून मी ते पहिल्यांदाच ऐकत होते.

माझा हात मावशींनी सोडला, झटकला नाही, नुसता सोडला. मग विचारलं, "मंग त्या सुया?"

"उगाच दिल्या!" मी ओरडले.

त्यांनी माशाच्या ओल्या हातानं कानाची पाळी धरली आणि भुवया उंचावल्या. हा प्रश्न त्यांना शब्दांत विचारावा लागला नाही. उत्तर मात्र मला शब्दांत द्यावं लागलं. "कान परत येणार नाहीत, मावशी!" त्यांना कळेना. मी पुन्हा ओरडले. तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा माझा आवाज चिरकला आणि तेव्हा त्यांना कळलं.

बांधापलीकडं नात उभी होती, परकराच्या घोळात कैऱ्या घेऊन. सुनेनं तिला हाक मारली, "ये गं. जा आजीकडं." पोरीचा विश्वास बसेना. आईकडं दोनदा बघून मग ती धावत सुटली, कैऱ्या वाटेत सांडल्या, आणि आजीच्या मांडीवर येऊन आदळली. मावशींनी तिला दोन्ही हातांनी असं आवळलं की पोर कळवळली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही.

नातीनं मान वर करून आजीच्या गळ्यात हात टाकले आणि अगदी कानाशी जाऊन हळूच विचारलं, "आजे, तू आमच्यावर रुसली हुतीस का गं? म्हून तितं ऱ्हायलीस?"

मावशी तिच्याकडं बघून हसल्या. "व्हय, व्हय," त्या म्हणाल्या, आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

पोरीचा चेहरा पडला. सुनेनं तोंड फिरवलं. मी पोरीला सांगणार होते की तसं नाही, आजीला तुझं बोलणं ऐकूच आलं नाही. तोंड उघडलं, पण ओरडून ओरडून माझा घसा बसला होता.